अमेरिकेत ऑनलाइन हँडगन घेताना : डीलर, पाठवणीचा खर्च आणि कागदपत्रं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान अमेरिकेत राहणाऱ्या आणि कायदेशीर मार्गाने पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर घेण्याचा विचार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. ग्रीन कार्ड, एच-१बी, वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लावण्याची आपली पद्धत, भारतात जाताना सामानात काय राहून जातं, हे प्रश्न इंग्रजी माहितीपत्रकांत सापडत नाहीत, म्हणून इथे घेतले आहेत. आकडे डॉलरमध्ये आहेत. राज्यांचे नियम बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी स्वतःच्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

ऑनलाइन पैसे भरले की पिस्तूल थेट घरी येतं का?

नाही. १९६८ च्या ‘गन कंट्रोल ॲक्ट’पासून दुसऱ्या राज्यातून आलेली हँडगन सामान्य ग्राहकाच्या हाती थेट देता येत नाही. ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरकडेच यावी लागते. या केंद्रीय परवान्याला सगळे ‘एफएफएल’ म्हणतात आणि बोलताना त्या डीलरलाही एफएफएलच म्हणतात.

क्रम असा असतो. तुम्ही संकेतस्थळावर पैसे भरता आणि डीलर निवडता. डीलर आपल्या परवान्याची प्रत विक्रेत्याला पाठवतो, विक्रेता खोकं डीलरच्या पत्त्यावर रवाना करतो. डीलर त्याची नोंद वहीत करून तुम्हाला फोन करतो. तुम्ही स्वतः दुकानात जाता, ओळखपत्र दाखवता, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरता आणि बॅकग्राउंड चेक (कायद्याने तुम्हाला बंदूक घेता येते का, याची सरकारी नोंदींतली पडताळणी) होतो. तो पार पडला आणि राज्याचा प्रतीक्षाकाळ संपला की पिस्तूल तुमचं. ऑनलाइन होते ती फक्त खरेदी. ताबा काउंटरवरच मिळतो.

मग सुरुवात कुठून करायची?

डीलरपासून. बहुतेक जण आधी पिस्तूल पसंत करतात, पैसे भरतात आणि मग जवळचा डीलर शोधायला लागतात. तिथेच खर्च वाढतो. आधी डीलरला फोन करा आणि या गोष्टी विचारा:

- बाहेरून मागवलेल्या हँडगनची ट्रान्सफर फी (ती तुमच्या नावावर करून देण्याचे डीलरचे पैसे) किती? चेकची फी त्यात धरली आहे की वेगळी?
- खासगी व्यक्तीने पाठवलेलं खोकं घेता का, की फक्त परवानाधारकाकडून आलेलंच?
- किती दिवस फुकट ठेवता, त्यानंतर रोजचं भाडं किती?
- दुकान कोणत्या वारी बंद असतं?
- चेकमध्ये नकार आला तर परत पाठवण्याचे किती घेता?

शेवटचा प्रश्न विचारायला लोकांना संकोच वाटतो. तो जरूर विचारा. डीलरला हा प्रश्न रोजचा असतो, त्यावरून तो तुमच्याबद्दल काही मत करून घेत नाही.

पाठवणीचा खर्च साधारण किती येतो?

परवानाधारक विक्रेत्याकडून नवी हँडगन घेतली तर बहुधा २० ते ५० डॉलर. काही दुकानं ‘फ्री शिपिंग’ म्हणतात, तेव्हा तो खर्च किमतीत मिसळलेला असतो. अलास्का आणि हवाईला जास्त पडतात.

एवढा फरक का पडतो ते समजून घेतलेलं बरं. यूपीएस आणि फेडेक्स या दोन्ही कंपन्या आता बंदुका फक्त त्यांच्याशी करार केलेल्या परवानाधारकांकडूनच स्वीकारतात. हँडगनसाठी सहसा दुसऱ्या दिवशी पोचणारी हवाई सेवाच घ्यावी लागते. तिला दर जास्त, त्यावर प्रौढाच्या सहीचं शुल्क आणि विमा. मोठ्या दुकानांना घाऊक सवलत मिळते, म्हणून त्यांचे ३० डॉलर आणि छोट्या विक्रेत्याचे ७०-८० एकाच अंतरासाठी असू शकतात. परवानाधारक डीलर ठरावीक फॉर्म भरून अमेरिकी पोस्टानेही हँडगन पाठवू शकतो, आणि ते स्वस्त पडतं. सामान्य माणसाला मात्र १९२७ सालच्या कायद्याने पोस्टातून हँडगन पाठवायला मनाई केली. त्या कायद्याच्या वैधतेवर अलीकडे वाद चालू आहे. पोस्टाचा चालू नियम वाचल्याशिवाय कुणाच्या ऐकीव सांगण्यावर खोकं पोस्टात टाकू नका.

खोक्यावर आत बंदूक आहे असं कुठेही लिहिलेलं नसतं. तसं लेबल कुरियर कंपनीने लावायला लावू नये, असा कायदाच आहे. चोरी टाळण्यासाठी.

विकणारा दुकानदार नसून खासगी माणूस असेल तर?

लिलावाच्या संकेतस्थळांवर हे नेहमी होतं. खासगी विक्रेता स्वतः कुरियर करू शकत नसल्यामुळे तो आपल्या गावातल्या डीलरकडे जातो आणि तो डीलर तुमच्या डीलरला पाठवतो. म्हणजे दोन डीलर, दोन फी. तिकडचा डीलर कामाचे २५ ते ५० घेतो आणि वर प्रत्यक्ष पाठवणीचा खर्च. बोली लावण्याआधी ‘पाठवणीचे नक्की किती आणि कोणामार्फत’ हे लेखी विचारून घ्या. ४०० ला पडलेलं जुनं पिस्तूल सगळं धरून ५४० ला जातं ते असंच.

पडद्यावरची किंमत आणि हातातून गेलेले पैसे यांत किती फरक पडतो?

टेक्ससचं उदाहरण घेऊ. पिस्तूल ४९९, पाठवणी २५, मिळून ५२४. त्यावर ८.२५ टक्के विक्रीकर म्हणजे ४३.२३. डीलरची ट्रान्सफर फी ३५. एकूण ६०२.२३. तेच पिस्तूल डॅलसच्या दुकानात ५६९ ला असेल तर करासकट ६१५.९४ होतात. वाचले १३.७१ डॉलर, आणि त्यासाठी आठवडाभर थांबायचं, हातात धरून न पाहता घ्यायचं, काही बिघडलं तर परत पाठवण्याची यातायात. पहिलंच पिस्तूल घेत असाल तर आमचं स्पष्ट मत आहे: एवढ्या फरकासाठी ऑनलाइन जाऊ नका. ज्याची मूठ हाताला नीट बसते, ज्याची स्लाइड (वरचा सरकता भाग) तुम्हाला सहज मागे ओढता येते, तेच घ्यावं, आणि ते दुकानातच कळतं. जवळपास न मिळणारं मॉडेल, जुनं बंद झालेलं रिव्हॉल्वर किंवा १०० डॉलरच्या वर फरक असेल तर ऑनलाइनला अर्थ आहे.

कॅलिफोर्नियात गणित वेगळं. जुलै २०२४ पासून ११ टक्के राज्य अबकारी कर, म्हणजे ४९९ वर ५४.८९. चेक आणि नोंदणीची ‘डीआरओएस’ फी ३७.१९. सुरक्षा प्रमाणपत्र नसेल तर परीक्षेचे २५, ते पाच वर्षं चालतं. हेच ११७.०८ झाले. विक्रीकर, पाठवणी आणि डीलरची फी अजून बाकीच आहे, आणि तिथले बरेच डीलर बाहेरून आलेल्या मालाला भरपूर फी लावतात, कारण त्यांना दुकानातली विक्री हवी असते.

उत्पादकाने भरलेला १० टक्के केंद्रीय कर सगळीकडेच छापील किमतीत आधीपासून असतो, तो वेगळा धरू नका.

ट्रान्सफर फी एवढी का घेतात? डीलर तर फक्त खोकं उघडतो.

खोकं उघडण्याचे ते पैसे नाहीत. माल आला की दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत त्याला निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक, कॅलिबर अशी नोंद करावी लागते. फॉर्म तपासणं, चेक करणं, कागद वर्षानुवर्षं सांभाळणं आणि केंद्रीय तपासणीस आल्यावर एकेक ओळ जुळवून दाखवणं हे सगळं त्याच्याच जबाबदारीवर असतं. एका चुकीच्या अनुक्रमांकावरून परवाना अडचणीत येतो. २५ ते ५० ही रास्त फी आहे, शहरांत ७५ किंवा जास्तही असते. सगळ्यात स्वस्त डीलर शोधताना तो वेळेवर फोन उचलतो का, हेही पाहा.

ग्रीन कार्डवर घेता येतं का? एच-१बी, एच-४, एफ-१ वर?

ग्रीन कार्डधारकाला केंद्रीय कायद्याने घेता येतं. फॉर्मवर नागरिकत्व भारत लिहायचं आणि कार्डावरचा क्रमांक द्यायचा. नागरिक नसलेल्यांची इमिग्रेशनच्या नोंदींतही तपासणी होते, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागू शकतो. घाबरू नका.

एच-१बी, एल-१, एच-४, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्यांना बंदूक घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही केंद्रीय गुन्हा आहे. याला मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. तो असला तरी राज्याचे नियम वेगळे लागू होतात. ऑफिसच्या मित्रांबरोबर रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा ‘बाळगणं’ या व्याख्येत बसतं. आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही, आणि फोटो मात्र समाजमाध्यमांवर टाकले जातात.

ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे, एवढ्यावर दुकानात जाऊ नका. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. बंदुकीसंबंधीचा गुन्हा शाबित झाला तर ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येतं.

नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, बायको अजून एच-४ वर आहे. घरात पिस्तूल ठेवता येईल?

मालकाला ठेवता येतं, पण जोडीदाराच्या ताब्यात ते जाता कामा नये. तिजोरीची किल्ली किंवा आकडे फक्त मालकाकडे हवेत. ‘कधी लागलं तर असू दे’ म्हणून जोडीदाराला आकडे सांगितले की तो ताबा ठरू शकतो. हाच नियम घरी सहा महिने राहायला आलेल्या आई-वडिलांनाही लागू आहे, कारण तेही बी-२ म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसावर असतात.

नावामुळे अडचण येते म्हणतात, ती नेमकी कशी?

फॉर्मवर पूर्ण मधलं नाव लिहावं लागतं. आपल्याकडे ते वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. ग्रीन कार्डवर ‘दत्तात्रय’ पूर्ण, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त ‘डी’, आणि तिसऱ्याच कागदावर स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं, असा प्रकार सर्रास असतो. लग्नानंतर लायसन्सवर नाव बदललं आणि इमिग्रेशनच्या कागदावर नाही, हाही नेहमीचा घोळ. ऑर्डर देण्याआधी सगळी कागदपत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. मधलं नाव नसेलच तर ती जागा रिकामी सोडत नाहीत. काय लिहायचं ते फॉर्मच्या सूचनांत आहे, डीलरही सांगतो.

सोशल सिक्युरिटी नंबर देणं ऐच्छिक आहे, पण कुलकर्णी, पाटील, जोशी यांसारखं खूप जणांचं आडनाव असेल तर द्या. दुसऱ्या कुणाशी गल्लत होण्याची शक्यता कमी होते. दर वेळी उत्तर अडकत असेल तर एफबीआयकडे अर्ज करून स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक घेता येतो आणि पुढच्या फॉर्मवर तो लिहायचा.

आणखी कोणत्या कारणाने लोक दुकानातून रिकाम्या हाताने परततात?

पहिलं कारण पत्ता. ओळखपत्रावर आत्ता राहता तोच पत्ता हवा, पोस्ट बॉक्स चालत नाही. घर बदललं आणि लायसन्स जुनंच असेल तर सरकारने दिलेला, नव्या पत्त्याचा दुसरा कागद लागतो, जसं गाडीचं रजिस्ट्रेशन. विजेचं खासगी कंपनीचं बिल यात बसत नाही.

दुसरं, वय. केंद्रीय कायद्यात डीलरकडून हँडगन घ्यायला २१ पूर्ण लागतात.

तिसरं, गांजा. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत तो दुकानात उघड मिळत असला तरी केंद्रीय कायद्यात बेकायदा आहे. फॉर्मवर तशी सूचना ठळक छापलेली असते. वापरत असाल तर खरं उत्तर ‘हो’ आहे आणि विक्री तिथेच थांबते. ‘नाही’ लिहिलं तर खोटं निवेदन, ज्याला मोठ्या मुदतीचा तुरुंगवास आहे.

चेकला किती वेळ लागतो?

बहुतेकांचं उत्तर काही मिनिटांत येतं. उत्तरं तीन: पुढे जा, थांबा, नकार. ‘थांबा’ आलं तर केंद्रीय नियमाने तीन कामाचे दिवस मोजतात, चेक केला तो दिवस सोडून. गुरुवारी केला तर शुक्रवार, सोमवार, मंगळवार गेल्यावर बुधवारी डीलर पिस्तूल देऊ शकतो. ‘देऊ शकतो’, द्यायलाच हवं असं नाही. पुष्कळ डीलर अंतिम उत्तर येईपर्यंत देत नाहीत आणि काही राज्यांत तसं देताच येत नाही. एक चेक ३० दिवस चालतो. त्यात माल नेला नाही तर पुन्हा सगळं.

नकार आला तर?

नकाराचं कारण एफबीआयकडे मागता येतं आणि अपीलही करता येतं. पिस्तूल डीलरकडेच राहतं. ते विक्रेत्याला परत पाठवायचं तर पाठवणी तुमची, शिवाय विक्रेता बहुधा काही टक्के कापतो. किंवा डीलरला विकायला सांगायचं. नकाराची माहिती आता स्थानिक पोलिसांनाही जाते.

एक गोष्ट कधीच करू नका: स्वतःला नकार आला म्हणून बायकोच्या किंवा मित्राच्या नावावर घेणं. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावाने घेण्याला ‘स्ट्रॉ पर्चेस’ म्हणतात आणि २०२२ च्या कायद्याने त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्याला कायद्याने घेता येतं अशा माणसाला स्वतःच्या पैशाने खरी भेट देणं वेगळं. त्याचे पैसे तुमच्या खात्यावर आले की ती भेट उरत नाही.

न्यू जर्सीत काय वेगळं आहे? एडिसनकडे बरेच जण विचारतात.

तिथे प्रत्येक हँडगनसाठी वेगळं खरेदी परमिट लागतं, २५ डॉलरचं. बोटांचे ठसे, ओळख देणारे लोक आणि पोलिसांची तपासणी यात आठवडे जातात. परमिट ९० दिवस चालतं, एकदा मुदतवाढ मिळते, आणि ३० दिवसांत एकच हँडगन घेता येते. म्हणून परमिट हातात आल्यावरच ऑर्डर द्या. आधी दिली तर डीलरकडे पिस्तूल पडून भाडं चढत राहतं.

मॅगझिन १० गोळ्यांपर्यंतचं लागतं. ग्लॉक १९ बाहेरच्या राज्यात १५ गोळ्यांच्या मॅगझिनसह विकतात. तुमच्या राज्यासाठीचा वेगळा माल-क्रमांक निवडला नाही तर डीलर ते खोकं नाकारू शकतो.

आणि कॅलिफोर्नियात?

राज्याच्या यादीत असलेलीच मॉडेलं डीलरकडून नवी घेता येतात. तेच पिस्तूल दुसऱ्या रंगात यादीबाहेर असू शकतं, म्हणून नाव नाही तर पूर्ण मॉडेल क्रमांक जुळवा. बाहेरच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याने कॅलिफोर्नियात पिस्तूल पाठवण्याआधी तिथल्या सरकारकडून मंजुरी क्रमांक काढावा लागतो. या कटकटीमुळे कित्येक दुकानं तिकडे पाठवतच नाहीत. फॉर्म भरल्यापासून १० दिवस थांबावं लागतं.

खोकं आलं. सही करण्याआधी काय पाहायचं?

फॉर्म पूर्ण होऊन ताबा घेतला की नवं पिस्तूल ‘वापरलेलं’ होतं, दुकान परत घेत नाही. म्हणून आधी काउंटरवर, डीलरने चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची खात्री केल्यावर, हे पाहा: चौकटीवरचा (फ्रेमवरचा) अनुक्रमांक, खोक्यावरचा आणि बिलावरचा एकच आहे का. मॉडेल आणि बॅरलवर कोरलेलं कॅलिबर मागवलं तेच का. मॅगझिनं किती सांगितली होती, किती आली. ऑप्टिक (नेम धरायचं भिंग) बसवायला कापलेली स्लाइड मागवली असेल तर ती तशीच आहे का. जुनं रिव्हॉल्वर असेल तर सिलिंडर किती हलतो, बॅरलमध्ये गंज किंवा खड्डे आहेत का. काही चुकलं असेल तर तिथेच थांबा, फोटो काढा आणि डीलरच्या देखत विक्रेत्याला फोन लावा.

डीलरने हँडगनसोबत कुलूप किंवा सुरक्षा साधन द्यायलाच हवं, तो केंद्रीय नियम आहे. मात्र केबलचं कुलूप ही तात्पुरती सोय झाली. घरात लहान मुलं असतील, किंवा कुणी खचलेल्या मनःस्थितीत असेल, तर भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट केलेली छोटी तिजोरी पिस्तुलाच्या आधी घरात यायला हवी. तिची किंमत पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

पाठवणीत नेहमी चुकतं ते काय?

खोक्यात ग्राहकाचं नाव आणि फोन नसणं. डीलरकडे दिवसाला डझनभर खोकी येतात आणि हे कुणाचं तेच कळत नाही. विक्रेत्याला आत चिठ्ठी टाकायला सांगा आणि ट्रॅकिंग क्रमांक स्वतः डीलरला कळवा. दुसरं, शुक्रवारी रवाना झालेलं खोकं. बरीच छोटी दुकानं रविवार-सोमवार बंद असतात, सही घ्यायला कुणी नसतं आणि माल गोदामात परत जातो. सोमवारी किंवा मंगळवारी पाठवायला सांगणं उत्तम.

सुटे भाग आणि गोळ्या घरी येतात का?

कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे अनुक्रमांक असलेला भाग. ग्लॉकमध्ये ती चौकट, सिग पी३२० मध्ये आतलं फायर कंट्रोल युनिट. तो भाग एकटा मागवला तरी डीलरमार्फतच. बॅरल, स्लाइड, ग्रिप यांसारखे भाग बहुतेक राज्यांत घरी येतात. दुरुस्तीसाठी कंपनीकडे गेलेलं तुमचंच पिस्तूल मात्र कंपनी थेट तुम्हाला परत पाठवू शकते, नव्याने ट्रान्सफर लागत नाही. गोळ्यांची पाठवणी वेगळी आणि वजनामुळे महाग. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्कसारख्या राज्यांत त्याही स्थानिक विक्रेत्यामार्फतच घ्याव्या लागतात.

संकेतस्थळ खोटं आहे हे कसं ओळखायचं?

‘एफएफएल लागत नाही, थेट घरपोच’ असं लिहिलं असेल तर तिथेच थांबा. पैसे फक्त ‘झेल’ (Zelle) या पैसे पाठवण्याच्या सेवेने, क्रिप्टोने किंवा गिफ्ट कार्डने मागणं, बाजारभावाच्या निम्मी किंमत, आणि पैसे भरल्यावर ‘विम्याचे आणखी २०० द्या’ असा फोन, ही नेहमीची लक्षणं. खऱ्या विक्रेत्याचा परवाना तपासता येतो. केंद्रीय संस्था एटीएफच्या ‘ईझी चेक’ या पानावर परवाना क्रमांकाचे पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाकले की दुकानाचं नाव-पत्ता दिसतो. तो संकेतस्थळावरच्या पत्त्याशी जुळला पाहिजे.

हेच पिस्तूल भारतात नेता येईल? किंवा भारतात असं ऑनलाइन मागवता येतं?

भारतात नाही. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम लागू आहेत. आधी परवाना, मग परवानाधारक दुकान. अमेरिकेतला परवाना किंवा बिल तिथे चालत नाही. अमेरिकेतून बाहेर नेण्याचेही स्वतंत्र निर्यात नियम आहेत.

त्याहून जास्त जपायचं ते गोळ्यांना. रेंजवर नेलेली पाठपिशवी किंवा लॅपटॉपची बॅग तशीच मुंबईच्या प्रवासाला घेतली आणि कप्प्यात एक जिवंत काडतूस राहिलं, तर विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि सुट्टी वकिलाच्या दारात जाते. रेंजसाठी वेगळी बॅग ठेवा आणि ती कधीच प्रवासाला नेऊ नका.